मुंबईत दोन-तीन दिवसांसाठी येताय? लोकल, बेस्ट की मेट्रो : कोणता पास परवडतो आणि कोणता वाया जातो

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने चौघांचं कुटुंब सकाळी मुंबईत उतरतं. तीन दिवस राहायचं, गेट वे बघायचं, सिद्धिविनायकाला जायचं, मुलांना राणीची बाग दाखवायची. स्टेशनवर उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न पडतो तो फिरायचं कशाने. कुणीतरी सांगतं, 'लोकलचा टूरिस्ट पास काढा, तीन दिवस कितीही फिरा.' दुसरा म्हणतो, 'बेस्टचा पास घ्या.' तिसरा मेट्रोचं कार्ड घ्यायला सांगतो. प्रत्येकाचा सल्ला अर्धा बरोबर असतो, आणि तीनही पास घेतले तर पैसे नक्की वाया जातात.

मुंबईत कोणकोणते पास मिळतात, ते कुठे चालतात, कुठे चालत नाहीत आणि किती फेऱ्या झाल्यावर वसूल होतात, हे समजून घेऊ.

आधी हे लक्षात घ्या : सगळीकडे चालणारा एकच पास नाही

मुंबईतली सार्वजनिक वाहतूक एका संस्थेकडे नाही. लोकल गाड्या रेल्वे चालवते; त्यातही पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे असे दोन विभाग आहेत. लाल बस 'बेस्ट'च्या. मेट्रोचं तर आणखी वेगळं. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो १ एका कंपनीकडे, दहिसर-अंधेरी भागातल्या मेट्रो २अ आणि ७ दुसऱ्या संस्थेकडे, आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ तिसऱ्या संस्थेकडे आहे.

प्रत्येक संस्था आपल्या गाडीपुरता पास देते. लोकलचा पास बेस्टमध्ये चालत नाही, बेस्टचा मेट्रोत चालत नाही. एका मेट्रोचा पास दुसऱ्या मेट्रोतही चालेलच असं नाही. म्हणून 'कोणता पास चांगला' असं विचारण्याआधी 'आपण जास्तीत जास्त प्रवास कशाने करणार' हे ठरवावं लागतं.

लोकलचा टूरिस्ट पास म्हणजे काय?

मुंबई उपनगरी रेल्वेवर १ दिवस, ३ दिवस आणि ५ दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं. खिडकीवर 'टूरिस्ट तिकीट' म्हणून मागितलं की देतात. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर ते चालतं. दुसऱ्या वर्गाचे दर साधारण असे आहेत :

- १ दिवस : सुमारे ७५ रुपये
- ३ दिवस : सुमारे ११५ रुपये
- ५ दिवस : सुमारे १३५ रुपये

पहिल्या वर्गाचा पासही मिळतो, पण तो याच्या कित्येक पट महाग असतो.

आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. १ दिवसाचा पास ७५ ला आणि ५ दिवसांचा १३५ ला. म्हणजे ५ दिवसांच्या पासात एक दिवस २७ रुपयांना पडतो. १ दिवसाचा पास त्यामानाने सर्वांत महाग. एका दिवसासाठी मुंबईत येणाऱ्याने तो घेण्याआधी दोनदा विचार करावा.

तो वसूल कधी होतो?

इथे बहुतेकांची चूक होते. पास स्वस्त वाटतो, पण लोकलचं साधं तिकीट त्याहून स्वस्त असतं. दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं ५ रुपये आहे. दादर ते सीएसएमटी ५ रुपये, दादर ते चर्चगेट ५ रुपये. चर्चगेट ते अंधेरी १० रुपये. चर्चगेट ते बोरिवली १५ रुपये.

आता हिशोब मांडू.

दादरला उतरलेला माणूस दिवसातून दोनदा दक्षिण मुंबईत गेला आणि दोनदा परत आला, तरी चार फेऱ्यांचे २० रुपये होतात. ७५ रुपयांचा पास वसूल व्हायला त्याला एका दिवसात १५ फेऱ्या माराव्या लागतील. तेवढ्या फेऱ्या मारल्या तर मुंबई पाहायला वेळच उरणार नाही.

अंधेरीला राहणाऱ्याला १ दिवसाचा पास वसूल करायला चर्चगेटच्या ८ फेऱ्या हव्यात. हेही अशक्यच.

बोरिवलीला नातेवाइकांकडे उतरलेला आणि रोज चर्चगेटला येणारा माणूस ३ दिवसांत ६ फेऱ्या करतो. त्याचे ९० रुपये होतात. ११५ चा पास इथेही थोडा महागच. मात्र तोच माणूस ५ दिवस राहिला तर १० फेऱ्यांचे १५० रुपये होतात आणि १३५ चा पास १५ रुपयांनी स्वस्त पडतो. मध्ये एखादा दिवस तो ठाण्याला किंवा वाशीला जाऊन आला तर फायदा आणखी वाढतो.

थोडक्यात, लोकलचा टूरिस्ट पास पैसे वाचवतो तो फक्त लांब उपनगरात राहून रोज बरंच फिरणाऱ्याचे, तेही ५ दिवसांच्या मुक्कामात. बाकीच्यांसाठी त्याचा फायदा वेगळा आहे : रांग वाचते. गर्दीच्या वेळी सीएसएमटी, दादर किंवा ठाण्याच्या खिडकीवर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. दिवसातून चारदा रांग लावण्यापेक्षा तीन दिवसांत एकदाच लावली, तर वीस-तीस रुपये जास्त गेले तरी अनेकांना ते पटतं. शिवाय चुकून पुढच्या स्टेशनला उतरलो, वाटेत कुठे थांबावंसं वाटलं, तर पुन्हा तिकिटाची चिंता नाही. लोकलची सवय नसलेल्या माणसासाठी ही सोय लहान नाही.

पण रांग टाळायला आणखीही मार्ग आहेत. परतीचं तिकीट एकदमच काढलं की एक रांग वाचते. स्टेशनवरच्या एटीव्हीएम यंत्रावर तिकीट मिळतं. रेल्वेच्या ॲपवरही लोकलचं तिकीट निघतं. हे जमत असेल तर पासाचं हेही कारण उरत नाही.

टूरिस्ट पास कुठे चालत नाही?

दंड बहुतेक वेळा याच ठिकाणी बसतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

पहिलं, दुसऱ्या वर्गाचा पास एसी लोकलमध्ये चालत नाही. एसी लोकल बाहेरून वेगळी ओळखू येते, तिचे दरवाजे आपोआप बंद होतात. पण नवखा माणूस गर्दीबरोबर आत शिरतो आणि 'पास आहे ना' म्हणून निर्धास्त राहतो. एसीचं किमान तिकीटच ३५ रुपये आहे. साध्या पासावर तिथे बसणं म्हणजे योग्य तिकिटाशिवाय प्रवास करणं.

दुसरं, तो पहिल्या वर्गाच्या डब्यात चालत नाही. पहिल्या वर्गाचे डबे त्याच लोकलमध्ये दुसऱ्या वर्गाच्या डब्यांना लागून असतात. डब्यावर लिहिलेलं असतं आणि फलाटावरही डबा कुठे येणार याच्या खुणा असतात. घाईत चढताना त्या बघायच्या राहतात.

तिसरं, लांब पल्ल्याच्या गाडीत तो चालत नाही. दादरहून कल्याणला जाताना समोर एक्स्प्रेस उभी आहे आणि ती लवकर पोहोचेल, म्हणून तिच्यात चढता येत नाही.

रेल्वेत विनातिकीट प्रवासाचा दंड किमान २५० रुपये आहे आणि प्रवासाचं भाडं वेगळं. चुकीच्या वर्गात बसल्यासही फरकाच्या रकमेवर दंड लागतो. ११५ रुपयांचा पास काढून २५० चा दंड भरणं, यासारखा तोटा नाही.

महिलांच्या डब्याला मात्र वेगळा पास लागत नाही. दुसऱ्या वर्गाच्या पासावर महिला दुसऱ्या वर्गाच्या लेडीज डब्यात बसू शकतात.

बेस्टचा एक दिवसाचा पास

बेस्टची भाडेवाढ मे २०२५ मध्ये झाली. त्यानंतर ५ किलोमीटरपर्यंत साध्या बसचं भाडं १० रुपये आणि एसी बसचं १२ रुपये आहे. १० किलोमीटरपर्यंत साध्या बसला १५ आणि एसीला २० रुपये पडतात. एक दिवसाचा पास आधी ६० रुपयांना होता, तो ७५ रुपये झाला. मासिक पास ९०० वरून १,८०० वर गेला.

लोकलच्या तुलनेत बेस्टचा पास वसूल होणं सोपं आहे, कारण बसचं साधं तिकीट लोकलपेक्षा महाग आहे आणि शहर बघताना बसच्या फेऱ्या जास्त होतात.

- एसी बसच्या छोट्या फेऱ्या (५ किलोमीटरपर्यंत) करणार असाल तर सातव्या फेरीला पास वसूल होतो.
- साध्या बसच्या छोट्या फेऱ्या असतील तर आठव्या फेरीला.
- ५ ते १० किलोमीटरच्या एसी फेऱ्या असतील तर चौथ्या फेरीलाच.

म्हणजे ज्या दिवशी दक्षिण आणि मध्य मुंबईतली चार-पाच ठिकाणं बसने करायची आहेत, त्या दिवशी हा पास घ्यावा. ज्या दिवशी फक्त स्टेशनपासून गेट वेपर्यंत जाऊन यायचं आहे, त्या दिवशी दोन तिकिटांचे २४ रुपये भरून मोकळं व्हावं.

चौघांचं कुटुंब असेल तर आणखी एक गणित करावं. प्रत्येकाचं तिकीट किंवा पास वेगळा. एसी बसने छोट्या अंतराला चौघांचे ४८ रुपये होतात. काळी-पिवळी टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे आणि दोन किलोमीटरला ते चाळीसच्या आसपास जातं. म्हणजे चौघं असतील आणि अंतर दोन किलोमीटरच्या आत असेल, तर टॅक्सी एसी बसपेक्षा स्वस्त पडते. अंतर पाच किलोमीटर झालं की बस पुन्हा कितीतरी स्वस्त. रिक्षाचा विचार दक्षिण मुंबईत करूच नका. वांद्रे आणि शीवच्या पुढे शहरात रिक्षा चालत नाहीत.

मेट्रोचा अमर्याद फेऱ्यांचा पास

मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवर अमर्याद फेऱ्यांचा पास मिळतो : १ दिवसाचा ८० रुपये, ३ दिवसांचा २०० रुपये. हे दोन्ही मार्ग दहिसर पूर्वला एकमेकांना जोडलेले आहेत. एक बोरिवली, कांदिवली, मालाडच्या पश्चिम बाजूने अंधेरी पश्चिमेला येतो, दुसरा पश्चिम द्रुतगती महामार्गावरून गुंदवलीपर्यंत.

इथलं तिकीट १० रुपयांपासून सुरू होतं. ३ ते १२ किलोमीटरला २० रुपये, १२ ते १८ ला ३० रुपये. म्हणजे ८० चा पास वसूल व्हायला दिवसात २० रुपयांच्या चार फेऱ्या हव्यात. लग्नाच्या घरी आलेला, दिवसभर कांदिवली-मालाड-अंधेरी करणारा पाहुणा असेल तर पास बरा. मुंबई बघायला आलेल्याला त्याचा उपयोग कमी, कारण गेट वे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक यांपैकी एकही ठिकाण या मार्गांवर नाही.

पर्यटकाच्या कामाची मेट्रो आहे मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा, २७ स्थानकांचा मार्ग पूर्ण झाला. विमानतळाची दोन्ही टर्मिनल, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, सिद्धिविनायक, वरळी, महालक्ष्मी, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही सगळी ठिकाणं एका मार्गावर आली. भाडं १० ते ७० रुपये. २अ आणि ७ चा पास इथे चालत नाही, हे विसरू नका. मेट्रो ३ साठी फेरीनुसार तिकीट काढणंच सोपं. दादरहून लोकलने ५ रुपयांत जे अंतर जाता येतं, त्याला मेट्रोत जास्त पैसे लागतात. पण सामान, लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर वातानुकूलित डबा, लिफ्ट आणि सरकते जिने यांची किंमत तेवढी असतेच.

कार्ड आणि पास यात गल्लत नको

मेट्रोच्या काउंटरवर 'कार्ड घ्या' असं सांगितलं जातं. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड हे त्यातलं एक. ते मेट्रोत आणि बेस्टमध्ये वापरता येतं. पण ते कार्ड म्हणजे पैसे भरून ठेवलेलं पाकीट आहे. प्रत्येक फेरीला त्यातून भाडं कापलं जातं. कितीही फिरलात तरी ते थांबत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'मुंबई वन' ॲपचंही तसंच. लोकल, वेगवेगळ्या मेट्रो, बेस्ट आणि शेजारच्या शहरांच्या बससेवा मिळून ११ सेवांची तिकिटं एका ॲपवर काढता येतात. प्रवासात दोन-तीन वाहनं बदलायची असतील तर रांगा वाचतात. पण तेही सगळ्या सेवांवर चालणारा अमर्याद पास नव्हे. तिकीट एकत्र दिसतं, भाडं मात्र प्रत्येक सेवेचं मोजलं जातं.

लंडनसारख्या शहरात बँकेचं कार्ड टेकवून प्रवास केला तर दिवसाची एक मर्यादा ओलांडल्यावर पुढचे पैसे कापले जात नाहीत. त्यामुळे तिथे थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याला पासाचा हिशोब आधी मांडावा लागत नाही. मुंबईत अशी मर्यादा नाही, म्हणून हिशोब आपणच करायचा.

चौघांचे तीन दिवस : प्रत्यक्ष खर्च

सोलापूरचं ते कुटुंब दादरला लॉजवर उतरलं आहे असं धरू. भाडी माणशी पाहू.

पहिला दिवस : दादर ते सीएसएमटी लोकलने ५ रुपये. तिथून गेट वेला बसने १२. घारापुरीची बोट. बोटीला कोणताही पास चालत नाही, ते तिकीट वेगळंच. परत आल्यावर बसने मरीन ड्राइव्ह १२ आणि चर्चगेटहून दादर ५. लोकल आणि बस मिळून ३४ रुपये. कोणताच पास नको.

दुसरा दिवस : सिद्धिविनायक, हाजी अली, हँगिंग गार्डन, गिरगाव चौपाटी, काळा घोड्याचं संग्रहालय आणि परत दादर. सगळं बसने केलं तर सहा-सात फेऱ्या, त्यातल्या एक-दोन लांबच्या. तिकिटं काढली तर ८० ते १०० रुपये. या दिवशी बेस्टचा ७५ चा पास घ्यावा.

तिसरा दिवस : बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी लेणी. दादर ते बोरिवली जाऊन-येऊन लोकलने २० रुपयांच्या आसपास. पास नको.

तीन दिवसांचा लोकलचा खर्च माणशी ३० रुपये. त्याच दिवसांचा टूरिस्ट पास ११५. चौघांनी तो घेतला असता तर ४६० रुपये गेले असते आणि त्यातले ३४० जास्तीचे. बेस्टचा पास तिन्ही दिवस घेतला असता तर तिसऱ्या दिवशी तो खिशातच राहिला असता. एकच पास, एकाच दिवशी, हे या कुटुंबासाठी योग्य उत्तर.

दवाखान्यासाठी येणाऱ्यांचं गणित वेगळं

थोड्या दिवसांसाठी मुंबईत येणारे सगळेच पर्यटक नसतात. परळच्या टाटा, केईएम, वाडिया या रुग्णालयांत राज्यभरातून रुग्ण येतात. रुग्ण दाखल असतो आणि बरोबरचा माणूस कुर्ल्याला किंवा आणखी लांब नातेवाइकांकडे राहून रोज ये-जा करतो. दोन दिवसांचं काम दोन आठवड्यांवर जातं.

अशांना कुणी ५ दिवसांचा टूरिस्ट पास सुचवला तर तो घेऊ नये. कारण एकाच मार्गावर ये-जा असेल तर रेल्वेचा मासिक पास त्याहून स्वस्त पडू शकतो. १० किलोमीटरपर्यंतच्या अंतराचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सुमारे १०० रुपयांना मिळतो. कुर्ला ते परळ हे अंतर त्यात बसतं. एकेरी तिकीट ५ रुपये. म्हणजे रोज एकदा जाऊन-येऊन दहा दिवसांत मासिक पास वसूल, आणि दिवसातून दोनदा डबा घेऊन जावं लागत असेल तर पाचच दिवसांत. टूरिस्ट पास १३५ ला फक्त ५ दिवस, हा १०० ला महिनाभर. फरक इतकाच की मासिक पास ठरलेल्या दोन स्टेशनांच्या दरम्यानच चालतो आणि तो काढायला ओळखपत्र लागतं.

आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात. कर्करुग्णांना लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. उपचाराची कागदपत्रं जवळ ठेवावीत. आणि उपचारासाठी गावाहून येण्या-जाण्याच्या रेल्वे भाड्यात रुग्णाला आणि बरोबरच्या एका माणसाला सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. परत जाण्याआधी ते मागून घ्यावं.

टाटाला जाण्यासाठी मध्य रेल्वेवर परळ आणि पश्चिम रेल्वेवर प्रभादेवी ही स्टेशनं जवळची. जुन्या माणसांनी 'एल्फिन्स्टन' सांगितलं तर ते प्रभादेवीच. २०१८ मध्ये नाव बदललं.

पास घेण्याआधी या पाच गोष्टी तपासा

१. दिवस कधी संपतो? टूरिस्ट पासाची मुदत शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपते, २४ तासांनी नाही. संध्याकाळी सहाला १ दिवसाचा पास काढला तर हातात सहाच तास उरतात. संध्याकाळी पोहोचलात तर त्या दिवशी साधं तिकीट काढा, पास दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

२. मध्ये रविवार येतो का? रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. रुळांच्या कामासाठी काही मार्गांवर सकाळपासून दुपारपर्यंत गाड्या बंद किंवा उशिरा असतात. कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे ते शनिवारच्या बातम्यांत येतं. लोकलचा पास घेतलेला असेल आणि नेमका आपलाच मार्ग बंद असेल तर पासाचा एक दिवस बसच्या तिकिटात जातो.

३. मध्ये सोमवार येतो का? घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद. त्या दिवशीच्या फेऱ्या धरून पास घेतला असेल तर हिशोब बिघडतो.

४. एसटीची सवलत इथे लागू नाही. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. लोकल, बेस्ट आणि मेट्रो या वेगळ्या सेवा आहेत. एसटीतली सवलत दाखवून तिथे तिकीट टाळता येत नाही. तसंच एसटीचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा ४ आणि ७ दिवसांचा पास गावोगाव फिरण्यासाठी आहे. मुंबईच्या आत लोकल किंवा बेस्टला तो उपयोगी नाही.

५. मुलांचं काय? लोकलमध्ये ५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि ५ ते १२ वर्षांपर्यंत निम्मं तिकीट. चौघांच्या कुटुंबात दोन लहान मुलं असतील तर साध्या तिकिटांचा खर्च आणखी कमी होतो आणि पास आणखी महाग वाटू लागतो.

हाच हिशोब दुसऱ्या शहरांत

पुण्यातही चित्र असंच आहे. पीएमपीचा एक दिवसाचा पास जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर ७० रुपये झाला, आधी तो ४० रुपयांना होता. पुणे मेट्रोचा एक दिवसाचा पास १०० रुपये. दोन्ही वेगळे. पीएमपीचं किमान भाडं १० रुपये आहे, म्हणजे छोट्या फेऱ्या असतील तर सातव्या फेरीला पास वसूल. शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग एवढंच बघायचं असेल तर ही ठिकाणं पायी एकमेकांजवळ आहेत, पासाची गरजच नाही. सिंहगड रस्ता, कात्रज, पिंपरी असं एका दिवसात करायचं असेल तर घ्यावा.

दिल्ली मेट्रोचं पर्यटक कार्ड १ दिवसाचं २०० आणि ३ दिवसांचं ५०० रुपयांना मिळत आलं आहे. त्यात ५० रुपये अनामत असते, ती कार्ड परत केल्यावर मिळते. तिथे मेट्रोची भाडी मुंबईच्या लोकलपेक्षा बरीच जास्त असल्याने रोज चार-पाच लांबच्या फेऱ्या करणाऱ्याला ते परवडतं.

शहर कोणतंही असो, पद्धत तीच. आदल्या रात्री कागदावर उद्याची ठिकाणं लिहा. प्रत्येक टप्पा कशाने जाणार ते लिहा. त्यापुढे साधं भाडं लिहून बेरीज करा. बेरीज पासापेक्षा जास्त असेल तर पास, कमी असेल तर तिकीट.

थोडक्यात

- दादर, परळ, दक्षिण मुंबईत मुक्काम आणि २-३ दिवस : लोकलचा टूरिस्ट पास नको, साधी तिकिटं काढा.
- बोरिवली, ठाणे किंवा त्यापुढे मुक्काम, ५ दिवस आणि रोज ये-जा : ५ दिवसांचा टूरिस्ट पास परवडतो.
- एकाच दिवशी बसने पाच-सहा ठिकाणं : त्या दिवसापुरता बेस्टचा ७५ रुपयांचा पास.
- दिवसभर दहिसर ते अंधेरी पट्ट्यातच फिरणं : मेट्रो २अ-७ चा ८० रुपयांचा पास.
- विमानतळ ते दक्षिण मुंबई : मेट्रो ३ चं साधं तिकीट.
- एकाच मार्गावर दहा दिवस किंवा जास्त ये-जा : रेल्वेचा मासिक पास.
- रांगेचा कंटाळा, लोकलची सवय नाही : थोडे पैसे जास्त जातील हे मान्य करून टूरिस्ट पास घ्या, फक्त एसी आणि पहिल्या वर्गाच्या डब्यात चढू नका.

भाडी वेळोवेळी बदलतात. त्यामुळे निघण्याआधी खिडकीवर किंवा ॲपवर त्या दिवसाचा दर पाहून मगच बेरीज करा.